खाणीतलं पोहणं आणि रविवारचा पाव

"मावशी, नीट आठव. पोहायला येणाऱ्यांकडून तू कधी काही घेतलंयस का?"

भाचीने हे पुन्हा विचारलं तेव्हा मावशी कपबशा पुसत होती. हातातलं फडकं थांबवून ती म्हणाली, "काही म्हणजे काय काय?"

"काहीही. पैसे, वस्तू, एखादं काम."

"माणसाला माणसाकडून काहीच मिळालेलं नाही, असं कधी होतं का गं?"

"कायद्यात होतं," भाची म्हणाली. "आणि आपल्याला ते तसंच झालेलं हवंय."

भाची वकील होती. मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी सुट्टीला यायची ती पाण्यात डुंबायला. आता मावशीवर दावा ठोकला गेला म्हणून फाइल बगलेत मारून आली होती, सुट्टीबिट्टी काही नसताना.

भानगड होती त्या पाण्याचीच. मावशीच्या नवऱ्याची घरामागे दगडाची खाण होती. दगड काढता काढता तळाशी झरा लागला. पंप लावून लावून माणसं दमली, पाणी काही हटेना. खाण बुडाली, धंदा तिच्या मागोमाग. मग त्या भल्या माणसाने हार मानली, उरलेल्या दगडात पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या घडवल्या, काही उन्हाळे त्यात मनसोक्त पोहला आणि एक दिवस छातीत कळ येऊन गेला. एवढं मोठं निळं पाणी एकटीने बघत बसायचं म्हणजे मावशीला उगाच गुन्हा केल्यासारखं वाटायला लागलं. तिने मागचं फाटक उघडं टाकलं. आधी शेजारच्या गणिताच्या बाई आल्या, मग टेलरमास्तर, मग प्लंबर आणि मग भट्टीवाले, म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक. सकाळी सकाळी खाणीत अशी माणसं तरंगत असायची की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बटाटे धुवायला टाकलेत.

शेवाळ धरणारी पायरी एकच होती आणि मावशी रोज गच्चीवरून ओरडायची, "शेवाळाची पायरी सांभाळा!" सगळे "हो हो" म्हणायचे आणि सांभाळायचे. भट्टीवाल्यांनीही आजवर सांभाळली होती. एका सकाळी नाही सांभाळली. उजवं मनगट असं मोडलं की डॉक्टरांनी फोटो बघून नुसती मान हलवली.

बेकरीवाल्याचं उजवं मनगट म्हणजे त्याचं दुकानच. त्यांनी विमा उतरवलेला होता, म्हणून औषधपाणी आणि बंद भट्टीची भरपाई कंपनीने केली. पण विम्याच्या कागदात बारीक अक्षरात असंही होतं, की दिलेले पैसे ज्याच्या चुकीमुळे द्यावे लागले त्याच्याकडून कंपनी ते वसूल करील, आणि दावा भट्टीवाल्यांच्याच नावाने लावील. बारीक अक्षर कोण वाचतो? एके दिवशी मावशीच्या दारात नोटीस आली. वादी: भट्टीवाले. प्रतिवादी: मावशी.

त्या दिवसापासून भट्टीवाले बोळाच्या दुसऱ्या टोकाने जायला लागले.

मावशी दावा हरली तर खाण विकावी लागणार, हे उघड होतं. घेणाराही तयार होता. एका गृहस्थाला त्यात मासे पाळायचे होते, भोवती तारेचं कुंपण घालून. दोनदा येऊन पाण्यात काठी बुडवून बघून गेला होता. त्याची ती काठी मावशीच्या डोळ्यापुढून हलत नव्हती.

"आता ऐक," भाचीने फाइल उघडली. "आपल्या राज्याच्या कायद्यात एक फार चांगलं कलम आहे. आपली जागा लोकांना खेळायला, फिरायला, पोहायला जो मोबदला न घेता मोकळी ठेवतो, त्याच्यावर तिथल्या अपघाताची जबाबदारी येत नाही. नाहीतर कुणी कुणाला आत घेणारच नाही, म्हणून केलंय ते."

"अरे वा. कुणातरी शहाण्याने केलंय."

"पण दोन ठिकाणी ही सूट मिळत नाही. एक, धोका माहीत असून लपवला तर."

"लपवला? माझा घसा बसलाय ओरडून."

"ते सगळे सांगतीलच. दुसरं, आत येण्याबद्दल काही घेतलं तर. म्हणून विचारतेय."

मावशीने फडकं खांद्यावर टाकलं आणि खुर्ची ओढून बसली. तिला असे प्रश्न फार आवडायचे. रेडिओ बंद पडला की दुरुस्तीला देण्याआधी ती तो उघडून बघायची, काय बिघडलंय ते कळलं नाही तरी काय काय असतं ते कळायचं. आता तिला 'फुकट' उघडून बघायचं होतं.

"फुकट कुठे संपतं गं?" तिने विचारलं. "कुणी येताना हसून दोन शब्द बोललं, तर तो मोबदला?"

"नाही."

"आणि हसून दोन टोमॅटो दिले तर?"

भाचीने पेन खाली ठेवलं. "कोण देतं टोमॅटो?"

साक्षीदार म्हणून पोहणाऱ्या मंडळींना भाचीने घरी बोलावलं. स्वयंपाकघरात टेबलाभोवती सगळे दाटीवाटीने बसले. मावशीच्या बाजूने बोलायला जो तो इतका उतावीळ, की भाचीला प्रश्न पुरा करता येईना.

"ताईंची खाण म्हणजे आमचा जीव आहे," टेलरमास्तर म्हणाले. "विचारा काय विचारायचं ते."

"फक्त एवढंच सांगा, की तुम्ही इथे फुकट पोहता."

टेलरमास्तरांचा चेहराच उतरला. "फुकट? कोण म्हणालं फुकट? घरातले सगळे पडदे बघा हे. शिलाई घेतली असेल एका टाक्याची तर विचारा."

"मास्तर—"

"आणि तो खुर्चीचा अभ्रा!"

"मला पण सांगू दे," प्लंबर म्हणाला. "न्हाणीघरातला नळ, गच्चीतली टाकी, सगळं मी. ताई पैसे द्यायला लागल्या तर मी म्हटलं, तुमच्या पाण्यात पोहायचं आणि तुमच्या नळाचे पैसे घ्यायचे? मी काय निर्लज्ज आहे?"

"हे असं कोर्टात बोलू नका," भाची म्हणाली.

"का? खरं आहे!"

गणिताच्या बाईंनी चष्मा वर सारला. "तुला पाचवीत अपूर्णांक कुणी शिकवले?"

"तुम्ही, बाई."

"अख्खी सुट्टी. ते मी काय हवा खायला येत होते? माझ्या मनात हिशेब साफ होता. फुकट्यांतली मी नाही."

भाचीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बाई, तुम्ही मावशीला वाचवायला आलाय की बुडवायला?"

"वाचवायलाच. पण मला फुकटी म्हणवून घ्यायला सांगू नकोस."

माणसं निघून गेल्यावर भाचीने खिडकी उघडली, जणू सगळ्यांचा स्वाभिमान खोलीत कोंडला होता. "असे साक्षीदार असले की विरुद्ध पक्षाच्या वकिलाला काही कामच उरत नाही. तो नुसता बसून घोरला तरी जिंकेल."

मावशी पडद्याकडे बघत होती. तिला वाटायचं, मास्तरांना तिच्या जुन्या पडद्यांची कीव आली असेल. ती फी होती? मग तिने फी घेतली होती आणि तिला पत्ताच नव्हता. घरात बसल्या बसल्या तिला एकेक वस्तू संशयित दिसायला लागली.

"काय विचार करतेयस?"

"भट्टीवाल्यांचा. दर रविवारी ते फाटकाला पिशवी अडकवायचे. गोल पाव, जाड सालीचा. भट्टीतून काढलेला, कोमट."

"दर रविवारी?" भाचीचा आवाज बारीक झाला. "पण तू मागितला नव्हतास ना?"

"एकदा विचारलं होतं. एका रविवारी पिशवी नव्हती, तर म्हटलं होतं, 'आज पाव नाही का, भाऊ?'"

"मावशी!"

"सहज गं. तोंडातून निघून गेलं."

"ते कोर्टात तोंडातून निघू देऊ नकोस. विचारणारच नाहीत म्हणा. आणि हे बघ, भट्टीवाल्यांशी एक शब्द बोलायचा नाही. ते समोरच्या बाजूचे आहेत."

दुसऱ्या दिवशी भाची कचेरीत गेल्यावर मावशीने चपला घातल्या आणि तडक बेकरी गाठली.

बेकरीत पिठाचा आणि यीस्टचा आंबुस वास होता. भट्टीवाले स्टुलावर बसलेले, हात गळ्यात बांधलेला. त्यांची बायको, सगळ्यांच्या वहिनी, कोपरापर्यंत पिठात. मावशीला बघून भट्टीवाले उठले, मग कुठे जायचं ते न सुचून पुन्हा बसले.

"विमावाल्यांनी सांगितलंय, तुमच्याशी बोलायचं नाही."

"मला पण माझ्या वकिलाने तेच सांगितलंय."

"मग?"

"मग बसते जरा. न बोलता बसायला मनाई नाहीये."

वहिनींनी पिठाच्या हाताने दुसरं स्टूल पुढे ढकललं. "दोघं न बोलता बसा. माझी करमणूक होईल तेवढीच. हे दिवसभर इथे बसून मला मळायला शिकवतात. तीस वर्षं मळतेय मी."

"मनगटातून जोर दे म्हटलं एवढंच," भट्टीवाले पुटपुटले.

"मनगटाचं तुम्ही नका सांगू कुणाला."

मावशीला हसू आलं, भट्टीवाल्यांनाही आलं असतं, पण त्यांनी ते आवरलं. "ताई, मी नाही हो लावला दावा. माझ्या नावाने लावलाय. सही केली होती कागदावर, आता मागे घेतली तर दिलेलं सगळं परत मागतील."

"माहीत आहे मला. मी त्यासाठी नाही आले. मला एकच विचारायचंय. तो पाव तुम्ही का आणायचात?"

"का म्हणजे?"

"म्हणजे मनात काय असायचं?"

भट्टीवाल्यांनी गळ्यातली झोळी सारखी केली. खोटं बोलायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता.

"फीच होती ती," ते म्हणाले. "कुणाच्या दारात मी फुकट जात नाही. माझ्या बापाने दुसऱ्याच्या भट्टीत राबून दिवस काढले, मालक उरलेसुरले पाव असे फेकायचा त्याच्याकडे. मी ठरवलं होतं, कुणाचं काही घ्यायचं तर आधी द्यायचं. पाव अडकवला की मी ताठ मानेने पायऱ्या उतरायचो. विचारलं कोर्टात तर मी हेच सांगणार. शपथेवर मी खोटं नाही बोलणार."

"बोलू नका," मावशी म्हणाली, आणि ते खरंच मनापासून होतं. "पण मग खाण जाईल, भाऊ."

"आणि फुकट पोहत होतो म्हणालो, तर ते सगळे रविवार जातील माझे."

वहिनींनी पीठ आपटलं, जरा जोरातच.

घरी येताना मावशी फाटकाशी थांबली. भाचीने त्याला नवं कुलूप लावलं होतं. मावशीला वाटत होतं, पाव एकच. तिने कौतुक म्हणून घेतला, त्यांनी भाडं म्हणून दिला. मग तो होता तरी काय? कायदा कुणाच्या मनात शिरून बघणार? भीती होतीच, पण खरं सांगायचं तर भीतीच्या वर थोडी उत्सुकता तरंगत होती. न्यायाधीश या पावाचं काय करतात ते तिला बघायचंच होतं.

कोर्टाची खोली मावशीला वाटली होती त्याहून लहान निघाली. पंखा एका बाजूला कलून फिरत होता. न्यायाधीश एक बाई होत्या, सर्दी झालेल्या, टेबलावर रुमालांचा ढीग. विमा कंपनीचे वकील उंच आणि गोड बोलणारे. पहिली सगळी मंडळी त्यांनी हसत हसत गुंडाळली. टेलरमास्तरांनी पडदे सांगितले, प्लंबरने टाकी सांगितली, गणिताच्या बाईंनी अपूर्णांक. भाची दर उत्तराला खुर्चीत थोडी थोडी खाली सरकत होती.

मग मावशीला बोलावलं.

"तुम्ही वादींकडे कधी पाव मागितलात का?" वकिलांनी विचारलं, अगदी चहा घेणार का विचारावं तसं.

भाचीने डोळे मिटले.

"एकदा विचारलं होतं," मावशी म्हणाली. "आज पाव नाही का, असं."

"म्हणजे पाव आला नाही, तर तुमच्या लक्षात यायचं."

"यायचं की. नाष्ट्याला तोच असायचा."

"आभारी आहे," वकील म्हणाले आणि न्यायाधीशबाईंकडे बघून किंचित झुकले.

न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं. "एक मिनिट. त्या दिवशी पुढे काय झालं?"

"कुठल्या दिवशी?"

"पाव नव्हता त्या दिवशी. हे पोहले की नाही?"

"पोहले ना. मी विचारलं तेव्हा ते पाण्यातून वर येत होते. अंग पुसत होते."

"पाव न देता आत गेले होते?"

"फाटक उघडंच असायचं, बाईसाहेब. कोण काय घेऊन आलं ते मी गच्चीवरून कुठे बघणार? मी शेवाळाचं ओरडायचे फक्त."

भाची खुर्चीत सरळ झाली. आणि तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भट्टीवाले उभे राहिले होते, न बोलावता, कानापर्यंत लाल.

"त्या दिवशी भट्टी विझली होती," ते म्हणाले. "म्हणून पाव नव्हता. पण पुढच्या रविवारी मी दोन नेले होते. थकबाकी ठेवत नाही मी कुणाची!"

खोलीत हसू फुटलं. विमा कंपनीचे वकील खुलले. "बघा, थकबाकी! वादी स्वतःच म्हणताहेत. थकबाकी फीचीच असते."

"बसा तुम्ही," न्यायाधीशबाई भट्टीवाल्यांना म्हणाल्या, रागावून नाही. मग मावशीकडे वळल्या. "दुसरा पाव मागच्या रविवारचा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

मावशीने भट्टीवाल्यांकडे बघितलं. त्यांच्यासाठी 'हो' म्हणावंसं तिला फार वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, भट्टीत जास्त झाले असतील."

भट्टीवाल्यांनी मान खाली घातली. कुणाच्या लक्षात आलं नसेल, मावशीच्या आलं.

निकाल आला तो असा: मोबदला ठरतो तो घेणाऱ्याने काही ठरवून लावला तर. पाहुण्याने मनातल्या मनात स्वतःवर लावून घेतला आणि मालकिणीला त्याची खबरच नाही, तर कायद्याच्या लेखी ती भेट. पाव न देताही फाटक उघडं होतं, हे प्रतिवादीच्या आणि वादीच्या, दोघांच्याही बोलण्यातून दिसतं. सबब कलमाची सूट लागू. दावा खर्चासह फेटाळला. विमा कंपनीने दिलेले पैसे वादीकडून परत मागू नयेत, असंही भाचीने खटपट करून लिहून घेतलं.

टेलरमास्तरांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर टाळ्या वाजवल्या. मावशीने वळून बघितलं तेव्हा भट्टीवाले आणि वहिनी निघून गेले होते.

फाटकाचं कुलूप निघालं, पण भाचीने जाताना बजावलं, "यापुढे कुणीही काहीही आणायचं नाही. टोमॅटोसुद्धा नाही. पुढच्या खेपेला असे न्यायाधीश मिळतीलच असं नाही."

मग गंमत सुरू झाली. माणसं रिकाम्या हाताने यायची आणि त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही. टेलरमास्तर पाठीमागे बांधून यायचे, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे. प्लंबर गळका नळ बघून तळमळायचा. "ताई, नुसता वायसर आहे हो!" मावशी ठामपणे दुसऱ्या प्लंबरला बोलवायची, आणि तो नळ बिघडवून जायचा. गणिताच्या बाई पाण्यात उताण्या पडून म्हणाल्या, "या वयात फुकटेपण शिकावं लागतंय. अपूर्णांक सोपे होते."

भट्टीवाले मात्र आले नाहीत. प्लास्टर निघाल्याचं कळलं. मावशी पाव आणायला दुकानात जायची, दाम मोजून घ्यायची. ते पाव कागदात गुंडाळून द्यायचे, कागदाची घडी जरा जास्तच नीट घालायचे. "या ना पोहायला," असं तिने एकदा म्हटलं. "बघू," ते म्हणाले. पाणी राहिलं, माणसं राहिली, आणि तिला दावा अर्धाच जिंकल्यासारखं वाटत होतं. दुसरीकडे तिला कुतूहल होतंच. एवढा जड काय असतो रिकामा हात? एकदा स्वतःच बघावं म्हणून ती गणिताच्या बाईंकडे जेवायला काही न नेता गेली, आणि दारातूनच परत फिरावंसं वाटलं तिला. मग जरा समजलं.

एका सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. फाटकाशी भट्टीवाले उभे होते. एकटे. दोन्ही हात बाजूला, पंजे उघडे, झडती द्यायला उभं राहावं तसे. किती वेळ उभे होते कोण जाणे. पाण्यातल्या मंडळींनी त्यांना बघितलं आणि सगळे एकदम दुसरीकडे बघत पोहायला लागले.

मावशी खाली आली. 

"येऊ का?" भट्टीवाल्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं.

"या."

ते आले. एकेक पायरी चाचपत, शेवाळाची टाळून, खालच्या पायरीवर बसले. दुखऱ्या मनगटावर भार न देता पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. मावशी वरच्या पायरीवर टेकली. बाकीच्यांचं पाणी कापणं ऐकू येत होतं.

"कसं आहे पाणी?" तिने शेवटी विचारलंच.

भट्टीवाल्यांनी पाय हलवून बघितले, खरंच विचार करून.

"फुकटचं जरा जास्त गार लागतं हो, ताई," ते म्हणाले आणि शर्टाची बटणं काढायला लागले, एका हाताने, सावकाश.